घरचे नाय म्हणाले

रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत कंट्रोल रूम कॉम्प्युटरवर जाणार असं ठरलं, ते पंच्याण्णव साल. परीक्षा घेऊन चार ट्रेनी घ्यायचे होते. प्लांट मॅनेजर सॅमसन पेणकर साहेबांनी नोटिशीत स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली होती : मुलींनीही अर्ज करावेत, काम जनरल शिफ्टचं आहे. नोटीस वाचून सगळे हसले. हरेशही हसला, पण फॉर्म मात्र त्यानं दोन उचलले. एक स्वतःसाठी आणि एक अनितासाठी.

अनिता त्याची धाकटी बहीण. पेणच्या कॉलेजात बीएस्सी झालेली, घरीच होती. हरेश सहा वर्षं प्लांटवर ऑपरेटर, दर तासाला काटे बघून लॉगबुक भरायचा. जिते गावातल्या घरी, पडवीत बसून दोघांनी महिनाभर अभ्यास केला. खरं तर तिनं त्याला शिकवलं. गणित अडलं की तो चिडायचा, ती पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

परीक्षेनंतर पंधरा दिवसांनी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"तुझं नाव नाही रे यादीत. पण अनिता दुसरी आलीय. एका तरी मुलीला घ्या म्हणून मी वर भांडलोय. घरी विचार आणि सोमवारी सांग."

हरेशच्या डोळ्यांपुढे आलं ते एवढंच : ती आत काचेमागे खुर्चीवर, आणि आपण बाहेर हेल्मेट घालून तिच्या हुकमाची वाट बघतोय. प्लांटवरची पोरं काय बोलतील तेही त्याला ऐकू आलं.

"विचारायला कशाला पाहिजे साहेब? घरचे नाय म्हणाले. लग्नाचं बघतायत."

"ती स्वतः काय म्हणते?"

"ती पण नाय म्हणते."

साहेबांनी यादीतल्या तिच्या नावावर रेघ मारली.

संध्याकाळी रोह्याहून गाडीनं तो जित्याला उतरला. अनिता दारातच उभी होती.

"निकाल लागला," तो चपला काढत म्हणाला. "दोघांचं पण नाय झालं."

ती आत गेली आणि त्याच्यासाठी चहा घेऊन आली. "तुझं व्हायला पाहिजे होतं रे दादा. मीच मध्ये मध्ये माझं घेऊन बसायचे, तुझा अभ्यास राहिला."

चहाचा कप तसाच ठेवून तो परसात गेला.

पुढच्या महिन्यात अनिता पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाऊ लागली. वह्या तिनं शेजारच्या मुलीला देऊन टाकल्या. आई, सगुणा, एकदा जेवताना म्हणाली, "एवढी शिकली, पण नशिबात नव्हतं." अनिता मान खाली घालून जेवत राहिली. हरेश ताटावरून उठला. पोट बरं नाय म्हणाला.

तरीही तो गप्पच राहिला असता. पण ऐन पावसाळ्यात, गणपतीच्या आधी, साहेब त्याला कँटीनच्या दारात भेटले.

"नव्या बॅचला मुली घ्या म्हणायला मला आता तोंड नाही," ते म्हणाले. रागावलेले नव्हते, नुसते थकलेले दिसत होते. "वरचे म्हणतात, पास झालेली पोरगीसुद्धा आली नाही, मग कशाला जागा ठेवायच्या?"

हरेश तिथंच उभा राहिला. आपण एकट्या अनिताचं नुकसान केलं, एवढंच तो इतके दिवस समजत होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तो पेणला कारखान्यात गेला. अनिता मूर्तीच्या पितांबराला पिवळा रंग देत होती. तो शेजारी उकिडवा बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. हसतील म्हणून वाटलेली भीतीही सांगितली.

तिचा ब्रश थांबला नाही. काठापर्यंतचा रंग पुरा केला, मग म्हणाली, "साहेबांना सांगितलंस?"

"नाय."

"मग तिथं सांग. माझ्यासमोर."

"काय पण शिक्षा दे गो, पण..."

"दादा, मला शिक्षा द्यायची नाय. मला नोकरी पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दोघं साहेबांच्या केबिनमध्ये उभी राहिली. ऐकून झाल्यावर साहेबांनी कोरा कागद हरेशपुढे सरकवला. "लिही. मुलीला विचारलंच नव्हतं, असं लिही आणि खाली सही कर." अक्षर वेडंवाकडं झालं. साहेब कागद घेऊन वर गेले. परत आल्यावर अनिताला म्हणाले, "ती जागा भरलीय. माझ्या हातात नाही. पण पुढच्या परीक्षेत मुलींना बसू देतायत. तुला पुन्हा बसावं लागेल."

"बसेन," ती म्हणाली.

हरेशला मेमो मिळाला आणि त्या वर्षाची पगारवाढ गेली. ते त्याला कमीच वाटलं. अनितानं शेजारच्या मुलीकडून वह्या परत आणल्या आणि एकटीनं अभ्यास केला. मार्चमध्ये ती पहिली आली. तिच्यासोबत रोह्याची आणखी एक मुलगी लागली.

आता इंटरकॉमवर तिचा आवाज येतो. "दोन नंबरचा व्हॉल्व्ह अर्धा उघडा." प्लांटवरची पोरं हसली, पण चार दिवसच. नंतर कोणाला त्याचं काही वाटेनासं झालं. ज्यासाठी आपण एवढं केलं, ते चार दिवसांचं होतं, हे हरेशला अजून सहन होत नाही.

घरी ती त्याच्याशी नीट बोलते. पण आपलं पत्र आणायला पोस्टात ती स्वतः जाते, आणि कंपनीचं काहीही त्याच्या हाती देत नाही.

एकदा जित्याच्या स्टेशनवर सकाळच्या गाडीची वाट बघताना त्यानं विचारलंच, "राग गेला काय गो?"

"कामावर असते तेव्हा आठवत नाय," ती म्हणाली.

गाडी आली. ती बायकांच्या डब्याकडे गेली, आणि तो मागच्या डब्यात चढला.