मास्तरांचं बोलणं

आजी आतल्या खोलीत चादरीची घडी घालत होती. भर दुपार, पलंगावर ऊन आलेलं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून मास्तर म्हणाले, "दाह हाव गं. वाहा येतोय."

दार लाव, वारा येतोय. "आले" म्हणायला तिने तोंडही उघडलं, आणि मग तिला आठवलं. मास्तरांना जाऊन अजून महिनासुद्धा झाला नव्हता.

ती भिंतीला हात लावत दारापर्यंत गेली. बाहेर ठकीशिवाय कोणी नव्हतं. अडीच वर्षांची नात फतकल मारून बसली होती आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या बाहुलीला दटावत होती. बोलायच्या आधी तिने डाव्या गालावर बोट दाबलं, जराशी थांबली आणि जड, ओलसर आवाजात तेच पुन्हा म्हणाली. लहान मुलं बोबडं बोलतात, तसं ते नव्हतं. म्हाताऱ्या माणसाने एकेक शब्द ढकलत दारापर्यंत आणावा, तसं होतं.

मास्तर म्हणजे आजीचे यजमान. चौकातल्या सलूनमध्ये त्यांनी उभा जन्म काढला. हात चांगला होताच, पण गिऱ्हाईक यायचं ते त्यांच्या गप्पांसाठी. कात्री थांबायची, तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. दाढीला आलेला माणूस गोष्ट अर्धी राहिली म्हणून केसही कापून घ्यायचा. मग त्यांच्या जबड्याखाली गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पण जीभ हलवणारी नस त्या गाठीला चिकटलेली होती, ती दुखावली गेली. हळूहळू सुधारेल कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. सुधारली नाही. काही महिन्यांत जिभेची डावी बाजू वाळत गेली. मास्तर आरशासमोर उभे राहून जीभ बाहेर काढायचे, ती आपसूक डावीकडे वळायची. उजवा अर्धा भाग भरलेला, डावा सुरकुतलेला, आणि त्या सुरकुत्यांत बारीक वळवळ. ते नुसते उभे असले तरी ती चालूच. आजीने एकदाच पाहिलं. त्यानंतर ते आरशाकडे वळले की ती स्वयंपाकघरात निघून जायची.

सलूनमध्ये ते तरीही जात राहिले, बोलताना डावा गाल बोटाने दाबून धरत. एका सकाळी एक नवखं गिऱ्हाईक त्यांचं बोलणं ऐकून खुर्चीतून उठलं. "राहू द्या. सकाळी सकाळी घेऊन आलेल्या माणसाच्या हाती मी गळा देत नाही." ज्या माणसाने जन्मात थेंब घेतला नव्हता, त्याला हे. मास्तरांनी टॉवेल झटकला, घडी घालून ठेवला, सलून मुलाच्या हवाली केलं आणि घरी आले. त्यानंतर मोठ्या माणसांशी ते बोललेच नाहीत. मुलाशी नाही, सुनेशी नाही, आजीशीही नाही. मान हलवायची, हात करायचा, संपलं.

आजी हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायला जायची, सून बँकेत. ठकी मास्तरांकडे असायची. तिला तेव्हा धड एक शब्द येत नव्हता, म्हणून तिच्यापुढे त्यांना लाज वाटली नसावी. दिवसभर ते तिच्याशी काय बोलायचे, कोणाला ठाऊक नव्हतं. कुलपात किल्ली फिरली की घर चूप. आणि एका दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. आजी कामावरून आली तेव्हा ठकी त्यांच्या गुडघ्याला टेकून त्यांना काहीतरी समजावून सांगत होती.

आजीने काम सोडलं आणि नातीला सांभाळू लागली. आता तो आवाज कुठूनही यायचा. न्हाणीघरातून, पलंगाखालून, पडद्यामागून. "हळू", "ठेव ते", "हुसू नकोस", म्हणजे रुसू नकोस. दरवेळी आजी वळून बघायची.

एका रविवारी ती भाजी घेऊन परत येत होती. घर तळमजल्यावर, खिडकी रस्त्याकडे. कोपरा वळताच खिडकीतून ऐकू आलं, "आही बघ. दमही. पाय दुखहे असतीह तिचे. पाणी दे."

आली बघ. दमली. पाय दुखले असतील तिचे.

आजी शेजारच्या भिंतीला टेकून उभी राहिली. दीड वर्ष ती त्या कोपऱ्यावरून पिशवी सांभाळत आली होती. दीड वर्ष तिने दार उघडलं की मास्तर खुर्चीत, तोंड दुसरीकडे. पाण्याचा तांब्या मात्र टेबलावर भरलेला असायचा. तो आपल्यासाठी असतो हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"ठकी, कोणाशी बोलतेस?" आतून सुनेचा आवाज आला. मग ती खिडकीशी आली आणि तिने पोरीच्या गालावरचं बोट पाहिलं. दुसऱ्याच आठवड्यात तिने वाचा-उपचार करणाऱ्या बाईंची वेळ घेतली. आजीही बरोबर गेली.

बाईंनी ठकीला आधी गोळी चघळायला दिली, मग जीभ बाहेर काढायला सांगितली. आजी पुढे वाकून बघू लागली. जीभ सरळ बाहेर आली, गुलाबी, दोन्हीकडून सारखी.

"जीभ ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "हिच्याशी दिवसभर कोण बोलायचं?"

सुनेने सांगितलं.

"मग ती त्यांच्याकडूनच शिकली. सगळ्यांनी तिच्याशी भरपूर आणि स्वच्छ बोला. दोन-तीन महिन्यांत जाईल ते."

जाईल ते. रिक्षात बसल्यावर आजीला तेवढंच ऐकू येत राहिलं.

सून कामाला लागली. रोज संध्याकाळी गाणी, चित्रांची पुस्तकं, "रस्ता", "रेडिओ", "घर". ठकी पटपट उचलू लागली. एके दिवशी तिने "दार" असं लख्ख म्हटलं आणि सुनेने तिचा मुका घेतला. आजी उठून स्वयंपाकघरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात दोघीच होत्या. ठकी खिडकीशी होती. आजी तिच्याजवळ बसली, डाव्या गालावर बोट दाबलं आणि म्हणाली, "हस्त्यावह कोण आहे गं?" ठकीने तिच्याकडे पाहिलं, हसली आणि त्याच बोलीत उत्तर दिलं. मग रोजच असं चाललं. आजी विचारायची आणि डोळे मिटून ऐकायची. सून घरी आली की स्वच्छ बोलायची. तिचं तिलाच कळत होतं की हे बरोबर नाही, पण दुपार झाली की जीभ आपली डावीकडे वळायची.

एक दिवस सून लवकर आली. दार उघडंच होतं. आजीने डोळे उघडले तेव्हा ती उंबऱ्यावर होती, चेहरा पांढराफटक.

"मला वाटलं, बाबा," ती म्हणाली.

ठकी एकदा आईकडे, एकदा आजीकडे बघत होती.

"आई, उद्या हिला शाळेत जायचंय. तिथली पोरं हसतील तिला."

"माहीत आहे मला."

"मग?"

"तुम्ही सगळे त्यांचं बोलणं काढून टाकताय गं," आजी म्हणाली. "मला तर ते ऐकायलाही मिळालं नव्हतं."

सून चप्पल न काढताच तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "बाबा काय म्हणायचे हिच्याशी?" तिने विचारलं. आजीने तिला खिडकीतलं सांगितलं. सांगताना ती साध्या, स्वच्छ बोलीत सांगत होती, आणि सून डोळे पुसत होती.

त्या दिवसापासून आजीनेच ठकीला शिकवायला घेतलं. जीभ वर टाळूला लावायची, अशी, बघ. शाळा सुरू होईपर्यंत सगळं साफ झालं.

मुलाच्या वाट्याला यातलं काही आलं नव्हतं. तो सलूनमधून यायचा तेव्हा ठकी झोपलेली असायची. पुढे एका सुट्टीच्या दिवशी जेवताना त्याने अचानक विचारलं, "ही म्हणे बाबांसारखी बोलायची? ठकी, बोल की. आजोबा कसे बोलायचे?"

आजीने ठकीकडे पाहिलं.

ठकीने विचार केला. तिला प्रश्न कळला नसावा असंच वाटलं.

"माझ्यासारखे," ती म्हणाली, आणि जेवू लागली.