सारजाचा हिस्सा

शेखरने विहिरीतली मोटर वर ओढली आणि चिखलाचे हात पॅन्टला पुसले.

"दाजी, जळाली न्हाई. नुसती वायर गेलीया."

हैबतरावांनी मान हलवली. सारजा होती तेव्हा तिचा हा धाकटा भाऊ भाऊबीजेपुरता यायचा आणि चहा अर्धा टाकून निघायचा. तिचं तेरावं झाल्यापासून मात्र त्याच्या फेऱ्या चुकत नव्हत्या. कधी कालवण-भाकरीचा डबा आणी, कधी न सांगता बांधावरचं गवत काढी. हैबतराव डब्यातला पहिला घास कुत्र्याला टाकत आणि थोडा वेळ त्या कुत्र्याकडे बघत बसत, मगच स्वतः जेवत.

त्यांना मूलबाळ नव्हतं. नांदे गावातलं हे रान म्हणजे सारजाला वडिलांच्या माघारी वारसाने आलेला हिस्सा. लग्नानंतर हैबतरावही इथेच येऊन राहिले, इथेच त्यांनी दोन खोल्या बांधल्या. आता पलीकडच्या शेतात इमारती उठल्या होत्या, आणि रानाला सोन्याचा भाव आला होता.

दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता तालुक्याला, पौडला एका वकिलाकडे गेले.

"बाईंनी मृत्युपत्र केलंय?" वकिलांनी विचारलं.

"न्हाई."

"मग अवघड आहे, काका. बापाकडून वारसाने आलेली जमीन, मागे मूलबाळ नाही, तर ती नवऱ्याला मिळत नाही. बापाच्या वारसांकडे परत जाते. म्हणजे तुमच्या मेव्हण्याकडे."

"समदी?"

"सगळी."

परत आले तर शेखर ओट्यावर बसलेला. त्यांना बघून तो उठला.

"पौडला गेलता म्हनं. वकिलाकडं?"

म्हणजे पाळत होती. हैबतराव पायरीशीच थांबले.

शेखर खाली बघत म्हणाला, "दाजी, रान आता तुमच्या नावावर हुनार, ते ठावं हाय मला. नवऱ्याचाच हक्क असतोय. फकस्त भायेरच्याला इकू नका. तुमी म्हनाल तसं ऱ्हाईन मी."

हैबतरावांनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं. मग ते सावकाश ओट्यावर टेकले.

"काय म्हनला वकील?" शेखरने विचारलं.

"घाई करू नका म्हनला."

शेखरने श्वास सोडला. "मग निगतो मी."

"बस की जरा," हैबतराव म्हणाले आणि बाजूला सरकले.

शेखर बसला. रानाकडे बघत हैबतराव म्हणाले, "अन् पुढल्या खेपंला पोरास्नीबी आन संगं."