छपरावर टिकलेला बर्फ

आमच्या गावात छपरावरचा बर्फ हा अब्रूचा विषय आहे. जरा जाड थर साचला की घरातला बाप्या फावडं घेऊन वर चढणार, आणि जो उशिरा चढेल त्याची कॉफीच्या टेबलावर यथेच्छ टिंगल होणार. माझा नवरा ताउनो मात्र कधीच चढला नाही. लढाईवरून परतल्यावर त्याने हे घर स्वतःच्या हातांनी उभं केलं, आणि आपल्या छपरावर बर्फ टिकतच नाही याचा त्याला भलता ताठा होता. शेजारचा ओइवा घाम गाळत बर्फ ढकलायला लागला की हा कुंपणाशी जाऊन उभा राहायचा.

"दमलास का रे ओइवा?"

"तुझं बरं आहे बाबा. तुझ्या छपरावर बसायलाच तयार नाही तो."

"उतार बघ उतार. छप्पर बांधताना डोकं वापरलंय मी."

बाहेर ही फुशारकी, आणि आत आम्ही दोघं कुडकुडत बसलेलो. चूल दिवसभर धडधडत असायची, तरी स्वयंपाकघरात लोकरीच्या मोज्यांचे दोन-दोन जोड घालून वावरावं लागायचं. वरच्या खोलीत माझा माग आहे. जुन्या कपड्यांच्या चिंध्या फाडून मी त्यावर सतरंज्या विणते, आणि हे काम माझ्या जिवाचं आहे. पण अलीकडे थंडी सुरू झाली की ती खोली बंदच करावी लागे. बोटं इतकी आखडायची की धोटा हातात धरवत नसे.

आमची मुलगी आनेली औलू शहरात राहते. तिने आम्हाला न विचारताच आमच्यासाठी तिच्या घराजवळ एक फ्लॅट बघून ठेवला. "ते घर आता राहण्यासारखं उरलेलं नाही," असं तिने फोनवर ठणकावलं. "नाताळला मी खोके घेऊन येते. सामान बांधू."

ताउनोने मान डोलावली. "घर म्हातारं झालं, हिल्क्का. आपणही झालो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाने एकट्याने तुळया चढवल्या, तो फोनवरच्या चार वाक्यांत घरावर पाणी सोडतो म्हणजे काय? आणि त्या फ्लॅटमध्ये माझा माग दारातूनसुद्धा आत गेला नसता. पण माझ्याकडे थंडीवर काही उत्तर नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. मला गप्प बसवणं सोपं नाही, हे गाव जाणतं.

नोव्हेंबरात पहिला दाट बर्फ पडला. सकाळी मी सरपण आणायला बाहेर पडले. सरपणाच्या खोपीवर हातभर बर्फ होता. मी लाकडं उचलली, वळले आणि घराकडे पाहिलं. कडेकडेने पांढरं, आणि मधोमध काळा ओला पत्रा. वळचणीला पाणी ठिबकून त्याचे बर्फाचे सुळे व्हायला लागलेही होते.

मी लाकडं तशीच खाली टाकली. खोपही ताउनोनेच बांधलेली. उतार तोच, पत्रा तोच, दोन्हींवर बर्फही एकाच रात्री पडलेला. फरक एवढाच की खोपीत चूल नाही. मग घरावरचा बर्फ उतारामुळे कुठला घसरतोय? तो माझ्या चुलीवर वितळत होता! आम्ही खाली मोज्यांवर मोजे चढवत होतो आणि आमची ऊब वर पत्रा तापवत होती.

शिडी लावून मी माळ्यावर चढले. गुडघे कुरकुरले, पण राग अंगात असला की मला काही दुखत नाही. घर बांधलं तेव्हा थंडी अडवायला ताउनोने माळ्यावर लाकडाचा भुसा भरला होता. तुळया पार बुडाल्या होत्या, मी स्वतः पोती वर दिली होती. आता भुसा बसून बसून निम्म्यावर आलेला, आणि तुळया उपाशी घोड्याच्या बरगड्यांसारख्या वर आलेल्या. छपरातून आत आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर पांढरा बर्फ जमला होता, म्हणजे खालची दमट ऊब वर येऊन तिथे गोठत होती. चिमणीशेजारी भुसा काळवंडला होता. तिथे हात धरला तर खालून गरम हवा येत होती.

खाली येऊन मी ताउनोसमोर उभी राहिले. तो पाव खात होता.

"तुझं छप्पर बर्फ टाकत नाही. वितळवतं."

"माझ्या छपराला नावं ठेवतेस?"

"छपराला नाही रे, भुशाला. भुसा बसलाय."

"तो मी भरलाय."

"भरलास तेव्हा माझी कंबरही ताठ होती. बसतं सगळं. चल, गावाला बोलावू आणि माळा भरून घेऊ."

"नाही." त्याने पाव खाली ठेवला. "गाव जमा करून सांगू का, की इतकी वर्षं मी उगाच मिरवत होतो?"

इथे खरी मेख होती. आमच्याकडे मोठं काम निघालं की घरवाला निरोप देतो, सगळे येतात, पैसा कुणी घेत नाही, घरवालीने वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक पोटभर वाढायचे. पण निरोप देणं म्हणजे अडचण कबूल करणं, आणि कबूल करण्यापेक्षा ताउनो फ्लॅटमध्ये जाऊन बसायला तयार होता. मी कोट चढवला आणि सरळ ओइवाचं दार वाजवलं.

ओइवाने सगळं ऐकून घेतलं आणि मग तो टेबलाला धरून हसला. "म्हणजे मी इथे कंबर मोडून घेत होतो, आणि हा आकाश तापवत होता?"

"हसून झालं असेल तर येतोस का?"

"येतो म्हणजे? हे बघायला सगळं गाव येईल."

शनिवारी गाव आलं. सहकारी दुकानातून यंत्र आणलं होतं. जुन्या वर्तमानपत्रांचा मऊ भुगा त्यात ओतायचा आणि नळीने माळ्यावर फुंकायचा. आधी फटी बुजवल्या, मग नळी वर चढली. ताउनो खोपीत जाऊन लाकडं फोडत बसला, खरं तर फोडलेलीच पुन्हा फोडत होता. तेवढ्यात माळ्याच्या खिडकीतून ओइवाचा आवाज आला, "चिमणीपाशी पण गच्च भरा रे!"

कुऱ्हाड थांबली. ताउनो तरातरा शिडी चढून गेला.

"कागद चिमणीला भिडवतोस? घर जाळायचंय माझं? तिथे न जळणारी दगडी लोकर लागते. आणि वळचणीपाशी वाऱ्याला वाट ठेव, नाहीतर पत्र्याखालचं लाकूड कुजेल. आण ती नळी इकडे."

मी खाली सूप ढवळत होते. ते 'माझं' माझ्या कानावर आलं आणि मी डाव घट्ट धरून उभी राहिले.

नाताळच्या आठवड्यात बर्फाने झोडपून काढलं. सकाळी ताउनो अंगणात गेला तो परत येईना, म्हणून मी बाहेर गेले. आमचं छप्पर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरंशुभ्र होतं. वळचण कोरडी, एक सुळा नाही. ताउनो टोपी हातात घेऊन वर बघत होता. मग तो ओइवाकडून फावडं मागून आला, कारण आमच्याकडे छपराचं फावडंच नव्हतं.

त्याला ते काम अजिबात येत नव्हतं. ओइवा कमरेला दोर बांधून त्याच्यासोबत वर गेला आणि साऱ्या आळीला ऐकू येईल अशा आवाजात शिकवू लागला. "अरे खालून काय उकरतोस, वरचा अंगावर येईल ना!" ताउनो धापा टाकत होता आणि शिव्या देत होता, आणि इतका खूश मी त्याला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

त्याच गोंधळात आनेली गाडीतून खोके घेऊन उतरली. वडिलांना छपरावर बघून तिचं तोंड उघडंच राहिलं. मी तिला म्हटलं, आधी वरच्या खोलीतलं सामान बांध. ती वर गेली आणि थोड्या वेळाने खाली आली, ती स्वेटर काढून हातात घेऊनच.

"आई, वरचीही चूल पेटवलीस?"

"नाही."

ती अंगणात गेली आणि तिने ओरडून विचारलं, "बाबा, घराला काय केलंत?"

वरचं फावडं थांबलं. ओइवा ताउनोकडे बघत होता, कुंपणापलीकडची दोन घरं बाहेर येऊन ऐकत होती. ताउनोने नाक पुसलं.

"आईला विचार. मला उभ्या जन्मात कळलं नसतं. तिला कळलं." आणि तो पुन्हा बर्फ ढकलू लागला.

आनेली आत आली. तिने फोन उचलला आणि फ्लॅटच्या मालकिणीचा नंबर फिरवला. मी चुलीपाशी होते, पण एकेक शब्द ऐकला.

"नाही, आजारी नाहीत. नाही, दुसरा फ्लॅटही नको," आनेली म्हणाली. "त्यांना घर आहे."