रेझिनमधली गुठळी

ताईचा धाकटा भाऊ घरात कधी टिकायचाच नाही, म्हणून सगळे त्याला भिंगरी म्हणायचे. अपघातात डावा पाय गुडघ्याखालून गेला, तरी नाव काही सुटलं नाही. जिभेला वळण पडलेलं असतं हो, काय करणार! ताई मात्र ते नाव घेताना दर वेळी अडखळायची.

ताई एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या कार्बनच्या नळ्यांची काळी भुकटी रेझिनमध्ये, म्हणजे वाळल्यावर टणक होणाऱ्या चिकट द्रवात, मिसळायची, म्हणजे हलकी वस्तूही चिवट होते, हे तिचं रोजचं काम. साहेबांच्या हातापाया पडून तिने भावासाठी एक कृत्रिम पाऊल बनवायची परवानगी मिळवली. भिंगरी पोस्टमन. नव्या पावलावर चालून दाखवलं, तर टपाल वाटायचं काम त्याला परत मिळणार होतं. नाहीतर बसा घरी.

भुकटी मोठी हट्टी. ध्वनिलहरींच्या यंत्राने तिच्या गुठळ्या फोडायच्या आणि लगेच, अगदी लगेच, साच्यात ओतायचं. जरा उभं राहू दिलं की मेल्या परत गळ्यात गळे घालतात. नव्या मुलींना ताई हे ओरडून ओरडून शिकवायची.

भिंगरीच्या पावलाचं रेझिन तिने यंत्रातून काढलं आणि नेमका तेव्हाच त्याचा फोन आला. "ताई, झाला का गं माझा पाय?" कितीतरी महिन्यांनी तो हसत होता. असा फोन कोण ठेवेल? ती बोलत राहिली, खिदळत राहिली. परत येऊन बघते तर यंत्र दुसऱ्या कुणीतरी कामाला लावलेलं. रेझिन दिसायला छान काळंकुळकुळीत होतं. तिने ते चमच्याने ढवळलं आणि ओतून टाकलं. चिमूटभर भुकटीनेही सगळं सारखंच काळं होतं. आत गुठळी आहे का हे बघायचं तर कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावं लागतं, आणि एकुलतं एक पाऊल कापणार कसं?

चाचणीच्या दिवशी भिंगरी टपाल कार्यालयाच्या पायऱ्या ऐटीत चढला. उतरताना पाऊल टाचेपाशी कटकन मोडलं. तो धडक्या पायावर कोसळला आणि तो गुडघाही गेला. काम तर गेलंच.

मोडका तुकडा ताईने सूक्ष्मदर्शकाखाली धरला. भेग जिथून सुटली होती तिथेच गुठळी बसलेली. मी केलं हे, मीच! तिला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं. साहेब मागून म्हणाले, "यापुढे पाऊल-बिऊल काही करायचं नाही. समजलं?"

आज सांगायचंच, असं रोज ठरवून ती घरी जायची. भिंगरी पलंगावर पडून असायचा आणि दिवसेंदिवस वाळत चालला होता. एका संध्याकाळी त्याने निम्मं ताट तसंच बाजूला ठेवलं.

"अरे, जेव की नीट."

"नको गं. बसून बसून वजन वाढलं होतं माझं, म्हणून मोडलं ते. तू एवढा जीव ओतून केलंस आणि मी मातीत घातलं."

सांग ना बाई, एवढंच तर सांगायचंय! ताईने तोंड उघडलं.

"आणखी थोडं वाढू?" एवढंच बाहेर पडलं.

"नको म्हटलं ना," तो म्हणाला. "पुढचा पाय तरी टिकायला हवा."