हलक्या हाताची सिस्टर

सुकन्याने आणि मी नांदेडला नर्सिंग एकत्र केलं, लातूरच्या खाजगी दवाखान्यातही एकत्रच लागलो. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची परीक्षा दोघींनी दिली. यादीत नाव मात्र तिचंच आलं. सोमवारी उमरीकडच्या सरकारी आरोग्य उपकेंद्रात हजर व्हायचं होतं. तिने वॉर्डभर पेढे वाटले. माझ्या पोटात दुखलं, आणि ते काही गोळीनं थांबणारं नव्हतं.

जिला धड शीर सापडत नाही, ती आता मॅडम! सलाईन लावायची वेळ आली की ती पेशंटला दोन-तीनदा टोचायची. मी "सरक बाजूला" म्हणून सुई घ्यायचे. एका टोचण्यात काम. आमच्या वॉर्डातले जुने पेशंट, कंधारचे किशनराव, तर हात आखडून बसायचे, "सिंधू सिस्टर आल्याबिगर न्हाई!" ते ऐकायला मला फार गोड लागायचं. म्हणून तर मी तिला कधी शिकू दिलं नाही.

शनिवारी दुपारी ती ड्रेसिंगच्या खोलीत रडत आली. "सिंधू, तिथं मी एकटीच हाय गं. कुणाला हाक मारू? आज शिकीव मला."

"अधिकारी ना तू? मग आता माझी कशाला आठवण?"

तिने डोळे पुसले आणि सुईचं पाकीट माझ्यापुढे धरलं. तिथे एखादी बाळंतीण अडली आणि हिला शीर सापडली नाही, तर? शेवटी मी माझाच हात पुढे केला.

दोनदा चुकली. हात काळानिळा झाला. "डोळ्यानं नको शोधू, बोटानं चाचप," मी खेकसले. तिसऱ्यांदा सुईत रक्त दिसलं, शीर सापडली.

संध्याकाळी किशनरावांची सुई बदलायची होती. मी मागे उभी राहिले, तिने लावली. पहिल्याच फटक्यात! किशनराव म्हणाले, "आरं, लागलीबी? कळलंबी न्हाई." सुकन्याने माझ्या गळ्यात हात टाकले. मी तोंडदेखलं हसले.

सोमवारी सुकन्या उमरीला गेली. दुपारी किशनरावांचा हात सुजला, म्हणून मी नवी सुई घेऊन गेले. त्यांनी हात चादरीखाली घेतला.

"ती दुसरी सिस्टर कुटं हाय? लई हलका हात हाय तिचा. तिलाच बोलवा."

"ती गेली, मामा," मी म्हणाले आणि त्यांचा हात ओढून घेतला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी सुई चुकली.