उपाशी वाकळ

मालन थोरवेने राजीनामा दिला, त्याच संध्याकाळी तिची खुर्ची तिच्या मागोमाग घरी आली. पाटबंधारे खात्याच्या कचेरीतली वेताच्या बैठकीची खुर्ची, बावीस वर्षं मालन तिच्यावर बसलेली. रस्ता ओलांडताना खुर्ची जरा बावचळली, एका रिक्षावाल्याने थांबून तिला वाट दिली, आणि ती सोप्यात येऊन गुमान उभी राहिली. मालनच्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी, बैठकीला हात लावून पाहिला. अजून गरम हाय, म्हणाल्या, आणि भाकरी थापायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी कचेरीतले शिपाई बाबरमामा नियम सांगायला आले. नियम साधाच होता. राजीनामा तीस दिवसांनी पक्का व्हायचा. तिसाव्या दिवशी पाच वाजेपर्यंत मालन त्या खुर्चीवर कधीही नुसती टेकली तरी राजीनामा रद्द, आणि मग पेन्शनीपर्यंत उठायचं नाव काढायचं नाही. एवढं सांगून मामा चहा प्यायले. जाताना सवयीने खुर्चीची पाठ फडक्याने पुसून गेले.

आता एवढी नोकरी सोडायची कशासाठी, तर वाकळी शिवायला. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची आणि बारीक टाक्यांनी भरून काढायची, ही कला आत्याबाईंची. लग्न होऊन आल्यावर मालनला तिचं वेड लागलं ते लागलंच. गल्लीत चर्चा होती की थोरव्यांची सून सरकारी खुर्ची सोडून चिंध्या जोडणार आहे. भाऊ फोनवर म्हणाला, दुभती म्हैस कुणी दारातून हाकलतं का, डोकं ठिकाणावर आहे ना? मालनला वाईट वाटलं, पण फार वेळ नाही. तिने दाराशी पाटी लावली, ‘मालनच्या वाकळी’, आणि तिसऱ्याच दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं.

सावर्डेकर नावाच्या मास्तरीणबाई होत्या. आई वारल्यावर तिची अकरा लुगडी ट्रंकेत पडून होती, ती घेऊन आल्या. आईच्या वर्षश्राद्धाला वाकळ हवी होती, आणि ते नेमकं तिसाव्या दिवसानंतरच्या सकाळी होतं. त्या आदल्या दिवशी पाच वाजता न्यायला येणार होत्या. मालनने हो म्हटलं आणि त्या गेल्यावर उगीचच दोनदा हसली.

वाकळ अख्खी जमिनीवर पसरून शिवावी लागते. मालनने सोपाभर लुगडी अंथरली आणि कडेकडेने टाका घालत आत सरकू लागली. पाचव्या दिवशी कचेरीतलं टेबल आलं. आठव्या दिवशी फायलींची दोन कपाटं आली, मग भिंतीवरचं घड्याळ, मग पंखा. तो आढ्याला लागण्याआधी बराच वेळ घरात घिरट्या घालत होता. बाराव्या दिवशी कालव्याकडची खिडकी आली आणि आत्याबाईंच्या देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीत जागा करून बसली. तिच्यातून दिवसभर कालव्याचं पाणी ऐकू येई.

मालनने वाकळ निम्मी दुमडली, मग पाव दुमडली. पुढे पुढे ती दोन कपाटांच्या फटीत मांडी घालून, मावेल तेवढीच मांडीवर घेऊन शिवायची. आत्याबाई कपाटावरून भाकरी पुढे करायच्या. खुर्ची रोज वीतभर जवळ यायची. विसाव्या दिवशी ती मालनच्या पाठीलाच लागली. कंबर भरून आली की टेकावंसं वाटायचं, खोटं कशाला बोला. एकदा तिने बैठकीवर नुसता तळहात ठेवला. वेत तिच्या ओळखीने खाली दबला. मालनने हात काढून घेतला आणि सुईत नवा दोरा ओवला.

तरी या सगळ्यात ती सुखात होती. बोटांना घट्टे पडले, पण संध्याकाळी आपण आज काय केलं हे तिला बोट ठेवून दाखवता येत होतं.

एकोणतिसाव्या दिवशी तिने चौथा कोपराही मिटला, आणि तिथेच चुकली. शेवटचा कोपरा मिटण्याआधी आत भाकरीचा घास ठेवायचा असतो. नाहीतर वाकळ उपाशी राहते, आणि उपाशी वाकळ पांघरणाऱ्याची ऊब खाते. बावीस वर्षं पाच मिनिटांत डबा उरकणाऱ्या बाईला घास आठवला नाही, यात नवल ते काय.

तिसाव्या दिवशी सकाळी एक कपाट नव्हतं. वाकळीच्या काठातून फायलीची लाल नाडी तेवढी लोंबत होती, तीही बघता बघता आत गेली. दुसरं कपाट, टेबल आणि पंखा दुपारपर्यंत संपले. खिडकी गेली तसं कालव्याचं पाणी थांबलं. मालनची बावीस वर्षांची ऊब कचेरीच्या सामानातच होती; शेजारच्या देव्हाऱ्यातल्या पितळी तांब्याला वाकळीने तोंडही लावलं नाही. सोपा पुन्हा मोकळा झाला.

“घास इसरलीस न्हवं?” आत्याबाईंनी विचारलं.

“इसरले.”

“मग घाल की. लोकाची आई हाय ती. उपाशी देतीस व्हय?”

खुर्ची तेवढी जाऊ दे, मग घालते, असं मालन म्हणाली. खुर्चीला वेळ लागला. आधी पाय गेले, मग बैठक, शेवटी पाठ. तोवर बाबरमामा रजिस्टर काखेत मारून उंबऱ्यावर येऊन बसले होते. भिंतीवरचं घड्याळ वाकळीच्या पोटात टिकटिकत होतं, म्हणून त्यांनी मनगटावर पाहिलं. पाचला सात कमी होते.

मालनने कोपऱ्याचे टाके उसवले, भाकरीचा घास मोडला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. आत ऊब होती, पंख्याचा वारा होता. हाताला खुर्चीचा दांडा लागला. दांड्यावर एक हात होता, पेन धरून मधल्या बोटाला घट्टा पडलेला. मालनला तो लगेच ओळखू आला. त्या हाताने घास घेतला.

“मीठ कमी पडलंय,” आतून मालनचाच आवाज आला, तोंडात घास असताना येतो तसा. मग कागद उलटल्याचा आवाज झाला.

बाबरमामांनी रजिस्टर उघडलं. “बाई, काय लिहू? बसलाय का न्हाई?”

दारात सावर्डेकरबाईंच्या चपला वाजल्या. मालनने कोपरा जुळवून धरला आणि मन लावून टाके घालू लागली. तीन टाके उरले असताना आतून त्याच आवाजात विचारणा झाली, किती वाजले. मालनने तिन्ही टाके घातले, गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.