पुलावरचा भालाईत

मी एक भालाईत बोलतोय. खरं तर आम्ही साठ जण आहोत. पण कॉम्प्युटरवरच्या या लढायांच्या खेळात साठांना मिळून एकच जीव धरतात, म्हणून ‘मी’ म्हणतो.

बराकीवर एक टिचकी पडली आणि मी जन्मलो. ना चिलखत, ना घोडा. हातात एक लांब भाला, बस. ज्याने मला घडवलं तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. घरात त्याला सगळे दादा म्हणत. दुकानातून आला की डोळ्यांवर थंड पाणी मारायचा आणि खेळ लावायचा. त्याने मला किल्ल्यासमोरच्या नदीच्या पुलावर उभं केलं आणि तिथून कधी हलवलं नाही. शत्रूचे घोडेस्वार पलीकडच्या काठावर यायचे, भाल्यांची रांग बघायचे आणि परत फिरायचे. माझं सगळं तारुण्य असं नुसतं उभं राहण्यात गेलं.

त्याच्या आईला खेळातलं काही कळत नसे. तरी जेवायला बोलावताना ती विचारायची, “काय रे, आहे ना तुझा किल्ला?” तो म्हणायचा, “आहे गं.”

दादाच्या धाकट्या बहिणीला मात्र जिंकायची हौस. खेळातलं कोणतं दल सगळ्यांत भारी, हे ठरवणारे व्हिडिओ ती करायची आणि दादा तिच्या शेजारी बसायचा. परीक्षा साधी होती. मोकळ्या माळावर दोन दलं समोरासमोर सोडायची आणि कोणी किती मारले ते बघायचं. घोडदळ पहिलं आलं, तिरंदाज दुसरे. माझी पाळी आली तेव्हा समोर तलवारवाले होते. ना पूल, ना पाठीशी तट. मी पांढरं निशाण काढलं आणि पळालो. पडद्यावर माझ्या नावापुढे आकडा उमटला, शून्य. इतके लोक बघत असताना कुठे तोंड लपवावं ते मला कळेना.

धाकटी हसत म्हणाली, “दादा, हे तुझं बुजगावणं.”

“बुजगावण्याने किती पाखरं मारली, असं कुणी विचारतं का?” दादा म्हणाला.

व्हिडिओ लांबतो म्हणून तिने त्याचं ते वाक्य कापलं. माझं पळणं तेवढं ठेवलं, तेही दोनदा दाखवून.

पुढे दादा आजारी पडला. खेळ लागेनासा झाला. मग एके दिवशी धाकटीच त्याच्या खुर्चीवर बसली. डोळे सुजलेले होते. तिने दादाचा जतन केलेला डाव उघडला, आणि दादा आता येणार नाही हे मला समजलं.

त्याने कधी न जिंकलेलं युद्ध आपण त्याच्यासाठी जिंकून द्यायचं, असं तिच्या मनात असावं. घोडदळ, तिरंदाज, सगळी पहिल्या क्रमांकांची मंडळी घेऊन ती शत्रूच्या राजधानीवर निघाली. वाट मोकळी करायला मला पुलावरून उचललं आणि तबेल्यामागच्या गवतात ठेवलं. आज्ञा मोडण्याची सोय आमच्यात नाही.

तिची फौज लांब गेली आणि शत्रूचे घोडे पलीकडच्या काठावर आले. पूल रिकामा दिसला. या वेळी ते परत फिरले नाहीत. मी गवतातून बघत राहिलो. इतकी वर्षं राखलेला किल्ला जळाला आणि माझ्या भाल्याला ओरखडाही आला नाही. पळालो तेव्हा वाटली त्याहून ही लाज मोठी होती.

हा खेळ आपोआप जतन होतो. पडलेला किल्ला जुन्या डावावरच लिहिला गेला. दादाने दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. धाकटी पुन्हा पुन्हा शोधत राहिली.

दारातून आईने सवयीने विचारलं, “काय गं, आहे ना दादाचा किल्ला?”

खोटं बोलली असती तर आईला कळलंही नसतं. धाकटीने मान खाली घातली. “नाही आई. माझ्या हातून गेला.”

आई आत आली. स्टूल ओढून शेजारी बसली, पडद्यावरच्या धुराकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तो पहिल्यांदा काय करायचा?”

“पुलावर भालाईत उभे करायचा.”

“मग तू पण तेच कर.”

तेव्हापासून मी पुन्हा पुलावर आहे. पाठीमागे काळ्या पडलेल्या भिंती आहेत आणि धाकटी रोज त्यातली थोडी उभारते. क्रमवारीत मी अजूनही शेवटचाच. मला वर चढवा असं माझं म्हणणं नाही. माळावर मी खरंच पळालो होतो. एवढंच मागणं आहे की माझ्या नावापुढचं शून्य बघून हसू आलं, तर एकदा पुलापलीकडेही बघा.

घोडे आलेत. काठावर थांबून भाल्यांकडे बघताहेत.

एकाने लगाम वळवला.